केरबामामा, तुमच्या चार खोट्या जागा

केरबामामा, तुमच्या रक्षाविसर्जनाला मी आले नाही. लोकांना सांगितलं, गुडघा धरलाय. गुडघा धरलाय हे खरंच आहे, पण न येण्याचं कारण ते नव्हतं. मी तुमच्यावर चिडले होते. गेलेल्या माणसावर राग धरू नये म्हणतात. मग जिवंतपणी तरी मला पुरतं भांडू द्यायचं होतं की! भांडण अर्ध्यावर टाकून निघून जायचं, ही कुठली रीत?

आज तुम्हाला जाऊन महिना झाला. राग अजून आहे, पण आता तो तुमच्यावर नाही.

तो गुरुवार माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. कोल्हापूरच्या दवाखान्यात तुम्ही खिडकीजवळच्या खाटेवर होता, नाकात नळी. मी मोठी खुशीत आले होते. आपल्या गावच्या दगडांचा नकाशा वाचनालयाच्या भिंतीवर मोठा करून लावायचा असं ठरलं होतं आणि त्याची कच्ची प्रत मी दाखवायला आणली होती. कॉलेजातला आपला भूगर्भशास्त्राचा विभाग मुलं मिळेनात म्हणून बंद झाला, कपाटं कुठल्या कुठं गेली, पण नकाशा राहिला. तुम्ही त्या प्रयोगशाळेतले शिपाई आणि मी तिथली बाई. सव्वीस वर्षं आपण दोघांनी मिळून ते एवढंच काम धड केलं होतं. तुमच्याच गुडघ्यांवर तो पसरला. एक्केचाळीस ठिपके. तुम्ही बराच वेळ बघत होता, बोट एकेका ठिपक्यावरून फिरवत होता. मला वाटलं, आठवणीत रमलाय माणूस.

मग तुम्ही म्हणालात, "मॅडम, येक सांगू का? ह्यातल्या चार जागा खोट्या हायत."

मी हसले. तुम्ही हसला नाहीत. "खोट्या म्हणजे?"

"म्हंजे दगडं खरी. जागा खोट्या. मी तुमास्नी खोटं सांगितलं."

"कुठल्या चार?"

"सांगतो की. पर आदी तुमी बसा."

"मी बसणार नाही. कुठल्या चार, ते सांगा."

"बसा म्हंतोय न्हवं."

आणि मग मी काय बोलले ते तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि शेजारच्या खाटेवरच्या म्हाताऱ्याला ठाऊक आहे. "तुम्ही माझी सव्वीस वर्षं मातीत घातलीत," असं मी त्या एवढ्याशा खोलीत ओरडून बोलले. आपला कोल्हापुरी आवाज, दारातली नर्स आत आली. मी नकाशा गुंडाळला. तुमच्या पांघरुणाचं टोकही त्यात गुंडाळलं गेलं होतं, ते हिसका मारून सोडवलं. तुम्ही म्हणालात, "मॅडम, च्या तरी घिऊन जावा की." मी चहा घेतला नाही आणि मागं वळूनही बघितलं नाही. रविवारी परत यायचं ठरलं होतं. रविवारी आले नाही. म्हटलं, कळू दे जरा. सोमवारी सकाळी तुमच्या मुलाचा, संजयचा फोन आला.

एवढंच झालं. पण हे मी अजून कुणालाही सांगितलेलं नाही. तुमच्या घरच्यांना तर नाहीच.

मला आपली सुरुवात आठवते. मी शहरातून आलेली, कापडदुकानदाराची मुलगी. आमच्या दादांना शेवटपर्यंत कळलं नाही की पोरगी एवढं शिकून दगड का गोळा करते. पहिल्या शनिवारी तुम्ही मला सड्यावर नेलंत. तुमच्या खांद्यावर पोतं, हातात पहार, आणि माझ्या हातात नवा कोरा हातोडा. गावाच्या वरच्या अंगाला तो सपाट, तांबडा, जांभ्या दगडाचा सडा. त्यात कुठं कुठं फिकट, हलका दगड, ज्याच्यासाठी पुढं ट्रक येऊ लागले, ते बॉक्साइट. मी मुलांना सांगत होते, हा दगड ओळखायचा कसा. पुस्तकातलं सगळं सांगून झाल्यावर तुम्ही मागनं म्हणालात, "जिबंला लावून बगा की. चिकाटला तर त्यो." पोरं हसली. तुम्ही ढेकूळ जिभेला लावलंत, जीभ बाहेर काढून ते लोंबतं ठेवलंत आणि तसेच सगळ्यांसमोरून फिरलात. मला त्या दिवशी फार राग आला होता. पुढच्या वर्षीपासून तो भाग मी तसाच शिकवायला लागले.

सड्याच्या खाली उतरलं की काळा पत्थर. त्याच्यात पोकळ्या असतात हे मी पुस्तकात वाचलं होतं. कधीकाळी हा सगळा मुलूख तापलेल्या रसाचा होता, त्यात हवेचे बुडबुडे अडकले, रस थिजला, पोकळ्या राहिल्या आणि मग लाखो वर्षं पाणी झिरपून झिरपून त्या पोकळ्यांत स्फटिक धरले. हे मी सांगायचे. तुम्ही नुसता कान लावायचात. हातोड्याचा उलटा दांडा पत्थरावर आपटायचा, ऐकायचं, दोन पावलं सरकायचं, परत आपटायचं. "हितं पोकळ हाय," म्हणायचात. दहातल्या सात वेळा असायचं. मी कधी विचारलं की कसं कळतं, तर म्हणायचात, "मॅडम, ते सांगून येत न्हाई."

स्फटिकांना तुमची स्वतःची नावं होती. पंख्यासारख्या जुडग्याच्या गुलाबट दगडाला मी स्टिल्बाइट म्हणायचे, तुम्ही पेंढी. सुयांच्या झुबक्याला तुम्ही कुसळं म्हणायचात. चौकोनी, पारदर्शक, चमचम करणारा तो खडीसाखर. मुलं परीक्षेत खडीसाखर लिहायची आणि मला हसावं की मार्क कापावेत कळायचं नाही. दगड आणला की तुम्ही तो ब्रशनं धुऊन, सावलीत वाळवून, मागच्या बाजूला पांढऱ्या रंगाचा ठिपका द्यायचात आणि त्यावर काळ्या शाईनं आकडा घालायचात. मग तुम्ही पुठ्ठ्याचं कार्ड पुढं करायचात आणि मी पेन उघडून विचारायचे, "जागा कुठली?"

आपलं भांडण त्या एका रकान्याचं. सव्वीस वर्षं तेच एक. मी म्हणायचे, "मामा, जागा न लिहिलेला दगड म्हणजे बिनपत्त्याचं पत्र. त्याचा शास्त्राला काडीचा उपयोग नाही." तुम्ही म्हणायचात, "पत्ता लिवला की पोस्टमन सोडून समदी येत्यात."

मी ते हसण्यावारी न्यायचे. विहिरीचं झालं तेव्हा हसू थांबलं.

विहीर तुमच्या बहिणीच्या घरची, घाटाकडच्या वाडीतली. तुमचे दाजी ती खोल करत होते आणि तीस हातांवर बाजूच्या भिंतीत भोक पडलं. तुम्ही मला दोराला पाळणा बांधून खाली सोडलंत. मी देवाचं नाव घेत नाही, पण त्या दिवशी घेतलं. त्या भोकात बॅटरी मारली आणि आत हिरवं. देव्हाऱ्याएवढी पोकळी आणि चारी बाजूंनी हिरवी खडीसाखर. आपल्या भागात असा हिरवा रंग कुणी बघितलेला नव्हता. मी खाली दोराला लोंबत रडत होते आणि वरून तुम्ही ओरडत होता, "मॅडम, काय झालं? इच्चू हाय का?"

एक तुकडा आपण आणला. एकच. वर आल्यावर तुम्ही मला विहिरीच्या कठड्याशी उभं करून म्हणालात, "हे कुटं लिवू नका. माज्या बहिणीचं घर हाय." मी हो म्हटलं.

आणि मग कॉलेजचं प्रदर्शन आलं. तालुक्यातनं माणसं येणार, बाहेरचे प्राध्यापक येणार. तो हिरवा दगड मी मधोमध ठेवला आणि खाली कार्ड लावलं. त्या कार्डावर जागेचा रकाना रिकामा सोडायला माझा हात धजला नाही. मी वाडीचं नाव लिहिलं. तेवढ्यानं समाधान झालं नाही म्हणून "विहिरीच्या पूर्व भिंतीत, तीस हातांवर" हेही लिहिलं. मला त्या अक्षरांचा अभिमान वाटत होता, मामा. माझ्या शिक्षणाला शोभेल असं कार्ड!

महिन्याच्या आत असे स्फटिक विकणारी बाहेरची माणसं वाडीत गेली. दाजींना काहीतरी दाखवलं, काहीतरी कबूल केलं. सुरुंग लावले. हिरवं सगळं पोत्यांत भरून गेलं आणि विहिरीची पूर्व भिंत खाली बसली. पाणी कुठं फुटून गेलं ते कळलं नाही. त्या उन्हाळ्यात तुमची बहीण दुसऱ्याच्या विहिरीवरून पाणी आणत होती. दोन दिवाळ्या ती भाऊबीजेला तुमच्याकडं आली नाही. "तुज्या मॅडमनं लिवलं म्हनून झालं," असं दाजी चारचौघांत बोलले, आणि तुम्ही मान खाली घालून ऐकून घेतलंत. हे मला दुसऱ्यांकडून कळलं. तुम्ही मला एका शब्दानं बोलला नाहीत. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखे आलात, प्रयोगशाळेचं कुलूप काढलंत, फळा पुसलात.

मी माफी मागायला हवी होती. त्याऐवजी मी काय केलं? मी म्हटलं, "मामा, चूक दाजींची आहे, त्यांनी आत येऊ द्यायला नको होतं." तुम्ही म्हणालात, "व्हय मॅडम." बास.

त्यानंतर माझा गुडघा बिघडला आणि मी चढायची बंद झाले. सुरुवातीच्या चोवीस जागांवर मी स्वतः गेले होते. पुढच्या सतरा तुम्ही एकट्यानं शोधल्यात. शनिवारी जायचात, सोमवारी पोत्यातून दगड काढायचात. त्यात एकदा तुम्ही टॉवेलात गुंडाळून एक पेंढी आणलीत, वीतभर लांब, शेंदरी, एकही टोक न मोडलेली. असा दगड माणसाला आयुष्यात एकदा मिळतो. मी पेन उघडलं. तुम्ही म्हणालात, "ह्याची जागा नगा इचारू."

मी म्हटलं, "मग हा कपाटात जाणार नाही."

"दगूड चांगला हाय, मॅडम."

"चांगला आहे म्हणूनच. बिनजागेचा दगड मी ठेवणार नाही. घेऊन जा, नाहीतर टाकून द्या बाहेर."

तुम्ही तो टॉवेलात धरून दारात उभे होता. किती वेळ उभे होता! मी मुद्दाम वह्या तपासत बसले होते, वर बघितलं नाही. शेवटी तुम्ही म्हणालात, "लिवा मग. खडकीचा तुकडा." मी लिहिलं. जिंकले म्हणून वर मनातल्या मनात खूशही झाले.

दवाखान्यातून आल्यावर, आणि तुम्ही गेल्यावरही, मी हे सगळं विसरून एकच हिशेब घालत बसले होते. सतरांतल्या कुठल्या चार? नकाशा तुमच्या दिवसकार्यानंतरच्या शुक्रवारी छापायला द्यायचा होता. सतराच्या सतरा खोडल्या तर नकाशात राहतं काय? आणि ठेवल्या तर खालची माझी सही खोटी. रिक्षा करून दोन जागांवर जाऊन आले. काठी टेकत ओढ्यात उतरले, हातोड्याचा दांडा पत्थरावर आपटला, कान लावला. मला काही ऐकू आलं नाही. पोकळ आणि भरीव यांतला फरक तुमच्या कानाला होता, आणि तो तुम्ही बरोबर घेऊन गेलात. त्या ओढ्यात बसून मी तुम्हाला शिव्या दिल्या. खऱ्या शिव्या, बाईमाणसानं देऊ नयेत अशा.

अशा मनःस्थितीत मी तुमच्या दिवसकार्याला आले. जेवायला नाही, विचारायला आले होते. घरात मामींना किंवा संजयला काही बोलला असाल तर बघावं, एवढ्याच स्वार्थानं. तेही तुमच्यापासून लपवत नाही.

पंगती उठल्यावर मामी माझ्याजवळ येऊन बसल्या. मी तोंड उघडायच्या आत त्याच म्हणाल्या, "मॅडमबाई, येक इचारायचं हुतं. तुमच्या त्या नकाशातनं आमचं रान काडता येतंय का?"

मला कळलं नाही. "तुमचं रान? नकाशात?"

"आता बगा. माळावरचा तुकडा. खडकीचा तुकडा. ओढ्याकडची पट्टी. आन् बांधाखालचं." चार बोटं त्यांनी माझ्यासमोर धरली. "चार ठिकाणी हाय आमचं. समदं तुमच्या कागदावर हाय म्हंत्यात. दर वरसाला कोन ना कोन येतंय आन् पहार लावतंय. भात कापलं की आलीच. कोल्हापूरची येत्यात, कुटली कुटली येत्यात. रातीचं न्हाई, चांगलं दिवसाढवळ्या."

मामा, ती चार नावं माझ्या हातची होती. माझ्या अक्षरात, ठिपक्यांसह. मी सव्वीस वर्षं प्रत्येक दगडाला विचारलं, जागा कुठली. तुम्ही दर पौषात नव्या तांदळाची पिशवी माझ्या दाराशी ठेवायचात. तो तांदूळ कुठल्या रानातला, हे मी एकदाही विचारलं नाही. तुमची शेती कुठं आहे हेच मला ठाऊक नव्हतं! लाज वाटली. तिथं पाट-रांगोळी मांडलेली, तुमचा फोटो, आणि मला कुठं बघावं कळेना.

मी विचारलं, "मामांनी थांबवलं नाही त्यांना?"

"न्हाई. म्हनायचं, उकरू दे. आपलंच रान हाय. दुसऱ्याच्या रानाचं नाव सांगितलं आसतं तर त्याचं फोडलं आसतं. खरं सांगितलं आसतं तर डोंगूर फोडला आसता." मामी पदरानं तोंड पुसत होत्या, रडत नव्हत्या. "मी म्हनायची, मॅडमबाईला तरी सांगा. तर म्हनायचं, त्यास्नी सांगितलं तर त्या खरी जागा मागत्याल. आन् त्यास्नी न्हाई म्हनवत न्हाई मला."

एकदा एसटीतून जाताना मी बांधाखाली खड्डे बघितले होते आणि दुसऱ्या दिवशी तुम्हाला विचारलं होतं. तुम्ही म्हणाला होता, रानडुकरं. मी लगेच मान डोलावली होती.

मग संजय मला रानात घेऊन गेला. भात निघून गेलेलं, नुसती खुंटं. काठी टेकत टेकत मी बांधावरून चालले. तो सांगत होता, "आण्णांची रक्षा नदीत न्हाई सोडली, मॅडम. हल्ली आमच्यात रानातच घालत्यात. खड्डं आयतंच हुतं. चार तुकड्यांत थोडी थोडी घातली आन् वर झाडं लावली. दोन आंबं, येक फणस, येक जांभूळ." खडकीच्या तुकड्यात बांधाशी गुडघाभर आंब्याचं रोप होतं, भोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण, आणि आळ्यात ओली माती. तिथं मी उभी राहिले. माझ्या नकाशावर तो सव्वीस नंबरचा ठिपका. "स्टिल्बाइट, उत्तम प्रतीचं."

तिथं मी तुमची माफी मागितली. मोठ्यानं नाही, संजय होता. विहिरीची मागितली, टॉवेलात गुंडाळलेल्या दगडाची मागितली, दवाखान्यातल्या ओरडण्याची मागितली. आणि मागताना पहिल्यांदा डोक्यात लख्ख आलं की पुढच्या वर्षी भात निघालं की कुणीतरी मोबाइलवर हा नकाशा घेऊन इथं येणार, आणि बरोबर या जागी पहार मारणार. माझ्या सहीच्या जोरावर.

त्यानंतरच्या गुरुवारी दिवसभर मी नकाशा टेबलावर पसरून बसले. चार ठिपके नुसते खोडावेत तर जुन्या प्रती गावभर आहेत. कॉलेजच्या पुस्तिकेत आहेत, झेरॉक्स करून किती जणांनी नेल्यात त्याचा पत्ता नाही. नव्यात नाहीत म्हणजे जुन्यात नक्की काहीतरी आहे, असंच लोक समजणार आणि दुप्पट खणणार. खरी जागा द्यावी तर ती मला ठाऊक नाही. आणि मामा, खरं सांगते, ठाऊक असती तरी... नाही, हे मी खात्रीनं नाही सांगू शकत. ठाऊक असती तर कदाचित लिहिली असती. माझा हात मला माहीत आहे. म्हणूनच तुम्ही मला बसवून सांगणार होता ना? बसा म्हणत होता. बसल्यावर सगळं सांगितलं असतंत, की फक्त खोट्या चार सांगून गप्प बसला असतात? ते आता कुणाला विचारू.

गावाच्या टोकाला माझं दोन खोल्यांचं घर आहे आणि मागं थोडी मोकळी जागा. तुम्ही तिथं शेवग्याची फांदी लावून दिली होतीत. खाली काय आहे ते मला चांगलं ठाऊक आहे. दीड हात माती, मग मुरूम, मग काळा पत्थर. पाया खणला तेव्हा मी स्वतः उभी होते, एक गारगोटीसुद्धा निघाली नाही. शुक्रवारी छापायला देताना मी ते चारही ठिपके तुमच्या रानांतून उचलले आणि माझ्या घराच्या मागं ठेवले. खाली लिहिलं, "सुधारित. आधीच्या नकाशातल्या या चार नोंदी चुकीच्या होत्या, त्या दुरुस्त केल्या आहेत." पुढं माझं पूर्ण नाव. कुणी जाणता माणूस बघेल तर हसेल, की बाईच्या परसात एवढं सगळं कसं निघालं. हसू दे. मामींना सांगितलं, तुमचं रान काढलंय. त्यांनी विचारलं, "मग कुटं घातलं?" मी म्हटलं, घातलं कुठंतरी.

नकाशा वाचनालयात लागून आठवडा झाला. छान दिसतो. लोक येऊन आपापल्या वाडीचं नाव शोधतात.

काल सकाळी फाटकाशी मोटारसायकल थांबली. पोत्यात गुंडाळलेली पहार मागं बांधलेली. माणूस चाळिशीचा, चेहऱ्यावरून वाईट वाटला नाही. माझ्या परसाकडं नजर.

"काय पाहिजे, पावणं?" मी विचारलं.

तो जरा ओशाळला. "न्हाई, त्यो नकाशा बघितला. ही जागा तुमचीच न्हवं? जरा उकरून बघितलं तर चालतंय का?"

"खणा की."

त्याचा विश्वास बसेना. आत आला, मोबाइल काढून परत परत नकाशाचा फोटो बघितला, शेवग्यापाशी उभा राहिला. "बाई, नक्की हीच जागा का?"

"हीच," मी म्हटलं. सगळ्या आयुष्यात जागेच्या बाबतीत मी बोललेलं हे पहिलं खोटं. सहज निघून गेलं तोंडातून.

दुपारपर्यंत तो खणत होता. मी ओट्यावर बसून पहारीचा आवाज ऐकत होते. मुरूम लागला, मग पत्थर लागला, तसा तो घाम पुसत "न्हाई दिसत काय" म्हणून निघून गेला. मग मी फावडं घेतलं. खड्डा कमरेइतका होता. मामा, तुम्ही असे किती बुजवलेत? दर वर्षी, चार चार ठिकाणी, आणि सोमवारी येऊन माझ्यासमोर फळा पुसत उभे राहिलात. निम्मा खड्डा भरला आणि गुडघ्यानं दगा दिला. काठावर बसले. आजूबाजूला कुणी नव्हतं, म्हणून जोरात हाक मारली तुम्हाला. दोनदा मारली.

उरलेला निम्मा अजून तसाच आहे.